कचरा कुणाचा, काम कुणाचे?

जयंतीची रात्र आमच्या वागळे इस्टेटमध्ये कशी असते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. किसननगर, हजुरी, इंदिरानगर, लोकमान्यनगर अशा एकेका वस्तीतून निळे झेंडे घेऊन माणसे निघतात, ढोलताशांनी रस्ते दुमदुमतात आणि मिरवणूक विसावते तेव्हा रात्र बरीच झालेली असते. एप्रिलची काहिली म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर मंडळांची टेबले लागतात. कुठे थंड पाणी, कुठे सरबत, कुठे पुलाव. आमचे मंडळही गेली कित्येक वर्षे पाणी वाटते. तहानलेल्याला पाणी पाजण्याचे मोल चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या समाजाला कुणी शिकवायला नको.

पण दोन वर्षांपूर्वीची १५ एप्रिलची सकाळ आम्हाला विसरता येत नाही. कचेरीला निघालो, तर रस्ताभर प्लास्टिकच्या पेल्यांचा सडा. गटाराच्या जाळीवर चंदेरी द्रोण अडकलेले. आणि आदल्या रात्री जिथे आमचे टेबल होते, तिथेच आमच्या वस्तीतल्या एक मावशी खांद्याला गोणी लावून वाकून पेले वेचत होत्या. आम्ही ओशाळलो. काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "मावशी, आज फार लवकर निघालात."

त्या हसून म्हणाल्या, "भाऊ, तुमची जयंती झाली की आमची सुगी असती. पर ह्या पेल्यांवर पाय देऊन चेंदामेंदा नका करीत जाऊ. चिखलात मिसळलं की भंगारवाला घेत न्हाई."

बसमध्ये बसलो तरी 'तुमची जयंती' हे दोन शब्द कानातून जाईनात. जयंती तर त्यांचीही होती. त्यांच्या घरातही बाबासाहेबांची तसबीर आहे. मग आमच्या उत्सवात त्यांच्या वाट्याला उष्टे पेलेच का यावेत?

दुष्काळाने आणलेली माणसे

पुढे एका रविवारी आम्ही मावशींच्या घरी जाऊन बसलो. त्या मूळच्या मराठवाड्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात आठ-नऊ वर्षांच्या होत्या. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत, तिथे मिळणारी सुकडी लेकरे खात. परदेशातून आलेल्या मिलोची तांबडी भाकरी त्यांना अजून आठवते. स्वतःची जमीन नव्हती, विहीर नव्हती. पाऊस गेला तसे कामही गेले. मग आईच्या बोटाला धरून त्या मुंबईकडे आल्या आणि फिरत फिरत ठाण्यात स्थिरावल्या.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत म्हणून वागळे इस्टेट ओळखली जाते. रोड नंबर १६, रोड नंबर २२ या रस्त्यांवर तेव्हा कारखान्यांचे भोंगे वाजत. आमच्या अनेक वाचकांचे वडील त्याच भोंग्यांवर तीन पाळ्यांत राबले. पण कारखान्याच्या फाटकावर शिक्षण विचारत, ओळख विचारत. बाईमाणसाला, त्यातून निरक्षर बाईला, आत घेणार कोण? कचऱ्याला मात्र कुणी फाटक लावलेले नसते. मुंबई-पुण्यात कचरा वेचणाऱ्या स्त्रिया पाहा. त्यांतल्या पुष्कळ जणी याच दुष्काळाने उखडलेल्या दलित, भूमिहीन घरांतल्या आहेत. गावात जातीने जे काम दिले, तेच शहराने निराळ्या नावाने दिले.

आज हवामान बदल हा शब्द कानावर येतो, तेव्हा तो फार दूरचा, शास्त्रज्ञांचा विषय वाटतो. पण पाऊस फिरला तर पहिल्यांदा घर कुणाचे मोडते, हे आपल्या समाजाने १९७२ साली पाहिले आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात पाणी कुणाच्या चुलीपर्यंत आले, तेही पाहिले आहे. त्या पुरानंतर तुंबलेल्या नाल्यांत प्लास्टिकच्या पिशव्या किती होत्या, याचीच चर्चा महाराष्ट्रभर झाली. आणि आता एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत दुपारी तान्ह्या बाळाला निजवून पाहा, म्हणजे जग तापते आहे याचा निराळा पुरावा मागावा लागणार नाही.

सभेत उभा राहिलेला प्रश्न

हे सारे मनात घेऊन आम्ही विहारातल्या सभेत विषय काढला. पुढच्या जयंतीला प्लास्टिकचे पेले बंद करू, वस्तीत ओला-सुका कचरा वेगळा करू आणि ओल्याचे खत करू, असे सुचवले. माना डोलल्या. पण मागच्या रांगेतला कॉलेजात शिकणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला :

"काका, बाबासाहेबांनी आपल्याला गावकीची घाण कामे सोडायला सांगितली. आमच्या पणजोबांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडले, त्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला. आणि आता पर्यावरणाच्या नावाने तुम्ही आम्हाला परत कचऱ्यात हात घालायला सांगता? ज्यांच्या घरी खोलीखोलीत एसी आहे त्यांनी जग तापवले. आधी त्यांना सांगा."

सभा शांत झाली. प्रश्न खोडसाळ नव्हता, जिव्हारीचा होता. आमच्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. "विचार करून सांगतो" एवढेच म्हणालो. आजचा हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

कचऱ्याचा जमाखर्च

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी कारकून. कोणत्याही गोष्टीचा जमाखर्च मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तेव्हा कचऱ्याची खतावणी उघडली.

ठाणे शहरातून रोज सुमारे हजार टन कचरा निघतो. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो : भाजीची देठे, साली, उरलेला भात, चहाचा चोथा. हा ओला कचरा उघड्यावर हवा खात कुजला तर त्याची माती होते. पण प्लास्टिकबरोबर मोठ्या ढिगाखाली दाबला गेला, की हवेवाचून सडतो आणि त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. तो पेटतोही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईचे देवनार डम्पिंग पेटले आणि दिवसेंदिवस धुमसत राहिले. कल्याणच्या आधारवाडीचे डम्पिंगही अनेकदा पेटले.

आता खर्चाची बाजू पाहा. देवनारच्या धुरात कोण खोकले? आधारवाडीला, दिव्याला खिडक्या लावून कोण जेवले? दिव्याचे डम्पिंग २०२३ साली बंद झाले, त्यासाठी तिथल्या रहिवाशांना वर्षानुवर्षे ओरड करावी लागली. आमच्या वागळेतही सी. पी. तलावाजवळ शहराचा कचरा उतरवून मोठ्या गाड्यांत भरण्याचे ठिकाण झाले, त्याचा वास आसपासच्या चाळींना चांगला ठाऊक आहे. शहर सगळ्यांचे, कचरा सगळ्यांचा, पण ढीग मात्र गरिबांच्या दारात. ही नोंद खतावणीत लाल शाईने करावी लागेल.

जमेच्या बाजूला एकच मोठी रक्कम दिसते, आणि ती मावशींसारख्या स्त्रियांच्या नावावर आहे. त्या जे वेचतात ते कारखान्यात परत जाते. जुने अॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले, तर खनिजापासून नवे करण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. कागद, काच, लोखंड, प्लास्टिक यांतही बचत होते. तेवढा कोळसा जळत नाही, तेवढा धूर आभाळात जात नाही. हवामान वाचवण्याच्या मोठमोठ्या परिषदा भरू लागल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून या बायका ते काम उपाशीपोटी करीत आल्या आहेत. फक्त त्यांच्या कामाची पावती कुणी फाडली नाही.

पुण्याच्या बायांनी काय केले?

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्या कचरावेचक स्त्रियांपर्यंत पोचल्या होत्या. 'एक गाव एक पाणवठा' चळवळीचे डॉ. बाबा आढाव संघटनेच्या पाठीशी उभे राहिले. बायांनी पहिली मागणी कसली केली? दया नको, ओळखपत्र द्या. आम्ही चोर नाही, शहराचे काम करणारे कामगार आहोत. पुणे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे त्यांनी मिळवली. पुढे २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. तीन हजारांहून अधिक कचरावेचक या संस्थेत सभासद झाले. कचराकुंडीत वाकण्याऐवजी त्या दारोदार जाऊन वेगळा केलेला कचरा घेऊ लागल्या. घरामागे शुल्क आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे, असे दोन्ही त्यांच्या हाती येऊ लागले.

मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये 'परिसर विकास' हा कार्यक्रम सुरू केला. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना खत करण्याचे, बाग राखण्याचे, बायोगॅसचे संयंत्र चालवण्याचे शिक्षण दिले. भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले 'निसर्गऋण' हे बायोगॅस संयंत्र अशा स्त्रिया चालवू लागल्या. जिला शाळेचे दार बंद होते ती बाई गॅसचा दाब बघते, वही लिहिते. हा बदल लहान नाही.

आणि हे केवळ मोठ्या शहरांनाच जमते असेही नाही. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करून दाखवला. ओल्याचा गॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात. डम्पिंगच्या जागी लोक सहलीला येऊ लागले. तेच कोकरे पुढे कल्याण-डोंबिवलीत उपायुक्त असताना मे २०२० पासून तिथे वर्गीकरणाची मोहीम चालली आणि मे २०२१ मध्ये आधारवाडीच्या डम्पिंगवर कचरा टाकणे बंद झाले. म्हणजे डोंगर हलतो. हात पुष्कळ लागतात, एवढेच.

आमचे पिंप

हे वाचून, ऐकून आम्हीही हुरूप धरला. चाळीच्या मागच्या मोकळ्या पट्टीत दोन निळी पिंपे ठेवली. पहिल्या खेपेला आमची चांगलीच फजिती झाली. पावसाळा तोंडावर असताना सुरुवात केली, ओल्यावर ओले टाकत गेलो. पंधरा दिवसांत पिंपाला आंबूस घाण सुटली, अळ्या झाल्या. मासळीच्या वासाने घुशी आल्या. शेजारच्या ताई रागावून म्हणाल्या, "तुमचे पर्यावरण तुमच्या दारात ठेवा." त्यात भर म्हणजे वेगळा केलेला कचरा एका गाडीवाल्याने आमच्या डोळ्यांदेखत एकाच ढिगात ओतला. तेव्हा वाटले, कशाला हा खटाटोप?

उपाय मावशींनीच सांगितला. त्या म्हणाल्या, "भाऊ, उकिरड्याला बी कोरडं लागतं. गावाकडं शेणावर पाचट टाकीत हुते का न्हाई?" जवळच्या सुताराकडून लाकडाचा भुसा आणला, झाडाखालचा पाला गोळा केला आणि दिवाळीनंतर पुन्हा आरंभ केला. या खेपेला जमले. आमच्या अनुभवातून माता-भगिनींसाठी पद्धत अशी :

पिंपाला तळाशी आणि चहूबाजूंनी बोटाएवढी भोके पाडावीत आणि ते चार विटांवर ठेवावे, म्हणजे पाणी गळून जाते व हवा खेळते. घुशींचा त्रास असेल तर भोकांवर आतून बारीक जाळी बसवावी. तळाला नारळाच्या शेंड्या, वाळल्या काटक्या घालाव्यात. त्यावर रोजचा ओला कचरा बारीक करून टाकावा आणि प्रत्येक थरावर तितकाच सुका पाला किंवा भुसा पसरावा. सुरुवातीला थोडे शेण किंवा आंबट ताक शिंपडले की कुजण्याला वेग येतो. आठवड्यातून दोनदा काठीने वरखाली करावे. मूठभर घेऊन दाबले तर ओलसर लागावे, पाणी टपकू नये. पाणी टपकले तर भुसा वाढवावा, अगदी कोरडे झाले तर पाणी शिंपडावे. वास सुटला म्हणजे हवा कमी पडली असे समजावे. हाडे, मासळीचे काटे, तेलकट रस्सा नवशिक्यांनी घालू नये. पावसात झाकण हवेच. पिंप भरल्यावर दोन महिन्यांच्या आसपास काळेभोर, मातीच्या वासाचे खत मिळते. खोलीत जागा नसेल तर चार घरांत मिळून एक पिंप पुरते.

आमच्या चाळीत आता डब्यांतून मिरची, गवती चहा, कढीपत्ता आला आहे. विहारासमोरच्या बोधिवृक्षाच्या रोपालाही तेच खत घातले. रागावलेल्या ताईंनी परवा स्वतःच्या अळूसाठी दोन टोपल्या मागून नेल्या.

सुक्या कचऱ्यासाठी एक गोणी पुरे. दुधाची पिशवी विसळून, वाळवून टाकावी. काच फुटली तर कागदात गुंडाळून वर लिहावे. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. ही पद्धत पुण्याच्या 'स्वच्छ'ने रूढ केली. ठिपका पाहून वेचणारी बाई हात घालण्याआधी सावध होते. एवढ्याशा ठिपक्यात एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचा मान राखलेला असतो.

आता त्या मुलाला उत्तर

पोरा, तुझा राग खरा आहे. जग तापवण्यात आपल्या चाळींचा वाटा फार थोडा, आणि ज्यांचा मोठा आहे त्यांच्याकडे बोट दाखवलेच पाहिजे. पण बाबासाहेबांचे म्हणणे पुन्हा वाचू या. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांचा आक्षेप कामावर नाही, ते काम जन्मावरून एकाच माणसाच्या गळ्यात बांधण्यावर आहे. आपली घाण आपण आवरणे ही गुलामी नव्हे. स्वतःची घाण दुसऱ्याने आवरावी ही अपेक्षा, तीच जात. आपण प्लास्टिकचा पेला रस्त्यावर फेकतो आणि मावशी तो उचलतील असे गृहीत धरतो, तेव्हा गावातल्या पाटलाने जे आपल्याशी केले तेच आपण आपल्या मावशीशी करतो. हे कटू आहे, पण खरे आहे.

आपल्या धम्मात याचा एक सुंदर दाखला आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दिली. राजाने विचारले, एवढ्या वस्त्रांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे फाटली आहेत त्या भिक्खूंना देऊ. मग जुन्यांचे? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? उशांचे अभ्रे. त्यांच्यानंतर बैठका, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. शेवटी चिंध्या चिखलात मळून भिंती लिंपू. जुन्या लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीला हे उत्तर नवे वाटले नसते.

म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी हव्यात. पहिली, प्रत्येक घराने, मग ते चाळीतले असो की चौपन्नाव्या मजल्यावरचे, आपला कचरा आपण वेगळा करावा. आणि दुसरी, जी बाई आज हे काम करते तिला ओळखपत्र, हातमोजे, दवाखाना आणि योग्य दाम मिळावा, आणि तिच्या मुलांना हे काम सोडण्याची मोकळीक असावी. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांची दखल घेऊन त्यांना व्यवस्थेत सामावण्याचे बंधन घातले. 'नमस्ते' योजनेत २०२४ मध्ये कचरावेचकांचाही समावेश झाला. त्यांच्या पहिली ते दहावीत शिकणाऱ्या मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीची योजना आहे. ही माहिती कागदावर पडून राहते. आपल्या शिकलेल्या मुलांनी वस्तीत जाऊन दाखले काढून द्यावेत, अर्ज भरून द्यावेत. कचऱ्यात हात घालायचा नसेल तर हातात पेन घ्यावे. तेही याच कामाचा भाग आहे.

गेल्या जयंतीला

गेल्या १४ एप्रिलला आमच्या टेबलावर प्लास्टिकचा पेला नव्हता. लग्नकार्यासाठी ठेवलेले विहाराचे स्टीलचे पेले काढले, कमी पडले ते घराघरांतून नाव घालून आणले. दोन बादल्या, साबण आणि विसळायला पाळीपाळीने पोरे. रांग थोडी लांबली, चार पेले हरवले, शेजारच्या दोन मंडळांनी जुनाच प्रकार चालू ठेवला. सगळे जमले असे आम्ही म्हणणार नाही.

त्याआधीच्या रविवारी आम्ही मावशींना सभेत बोलावले होते. आधी त्या संकोचल्या, म्हणाल्या, "म्या काय बोलू?" मग समोर ओतलेल्या सुक्या कचऱ्यातून एकेक वस्तू उचलू लागल्या. हे कडक, हे मऊ, ही पन्नी, ही बाटली निराळी आणि तिचे झाकण निराळे. नुसत्या हाताने चुरगाळून, आवाज ऐकून त्या प्लास्टिकची जात सांगत होत्या. कशाला भाव येतो, कशाला येत नाही, काय विकतच घेऊ नये, सारे मुखोद्गत. सभेने तासभर ऐकले. मागच्या रांगेतला तो मुलगा उठून पुढे आला आणि विहाराच्या फळ्यावर त्या सांगतील तशी यादी लिहू लागला.

ती यादी अजून फळ्यावर आहे. आमची वाचकांना विनंती एवढीच, की आपापल्या विहारातही असा एक फळा, एक पिंप आणि अशा एका मावशींसाठी सभेत पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवावी. यंदा पाण्याचे टेबल लावताना, दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्ता कोण झाडणार आहे, हे आदल्या रात्रीच ठरवावे. आणि ठरवताना झाडूवर आपलेही नाव घालावे.

जयभीम!